लहान खाऱ्या पाण्याच्या टाकीतील उपद्रवी शेवाळ: ओळख, मोजणी आणि टप्प्याटप्प्याने नियंत्रण

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाच्या टाकीत शेवाळ अजिबात दिसू नये, अशी अपेक्षा धरून कामाला लागले तर निराशाच पदरी पडते. समुद्रातल्या प्रवाळखडकांवरही शेवाळ सतत वाढत असते. ते खाणारे जीव तिथे इतके असतात की ते नजरेत भरत नाही, एवढेच. काचेवर दोन-तीन दिवसांनी धरणारा पातळ हिरवा थर आणि खडकावर हळूहळू पसरणारे गुलाबी-जांभळे, दगडासारखे कठीण कोरलाइन शेवाळ ही तर चांगल्या टाकीची लक्षणे आहेत. जे शेवाळ प्रवाळावर चढून त्याचा उजेड अडवते, वाळूवर चादर पसरते, किंवा आज काढले तर चार दिवसांत पुन्हा तितकेच वाढते, त्याला उपद्रवी म्हणावे. या लेखात साधारण ४० ते १०० लिटरच्या टाकीत अशा शेवाळाचा बंदोबस्त कसा करावा, याचा क्रमाने विचार केला आहे.

शेवाळ कोणते आहे हे कळल्याशिवाय कोणताही उपाय करू नये, या एका गोष्टीवर माझा सर्वांत जास्त भर आहे. वाळूवर तपकिरी थर दिसला की बहुतेक जण मासे उपाशी ठेवतात, पाणी भराभर बदलतात आणि फॉस्फेट शोषणारे दाणे घालतात. पण तो थर डायटम या एकपेशीय शेवाळाचा असेल तर नुसते थांबणे पुरते, सायनोबॅक्टेरियाचा असेल तर साचलेला गाळ आणि मंद प्रवाह यांकडे पाहावे लागते, आणि डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म एकपेशीय जीवांचा असेल तर पाण्यातली पोषकद्रव्ये (नायट्रेट आणि फॉस्फेट) कमी न करता उलट वाढवावी लागतात. रंग एकच असला तरी या तिघांवरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

लहान टाकी इतक्या लवकर का बिघडते

त्याचे कारण साध्या हिशेबातून समजते. माशांच्या कोरड्या खाद्यात वजनाच्या साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. म्हणजे एक ग्रॅम खाद्यात सुमारे १० मिलिग्रॅम फॉस्फरस आला आणि फॉस्फेटच्या रूपात तो सुमारे ३० मिलिग्रॅम भरतो. ६० लिटर पाण्यात हे सगळे विरघळले, तर फॉस्फेट ०.५ पीपीएमने (म्हणजे दर लिटरला ०.५ मिलिग्रॅमने) वाढते. प्रवाळाच्या टाकीत आपल्याला ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान राहायचे असते. यातला काही भाग माशांच्या अंगी लागतो आणि काही खडक व वाळू धरून ठेवतात, म्हणून आकडा लगेच तेवढा चढत नाही. पण चिमूटभर जास्तीचे खाद्य लहान टाकीत काय करू शकते, याचा अंदाज यावरून येतो. शिवाय ६० लिटरच्या टाकीत खडक आणि वाळूची जागा वजा केली, तर प्रत्यक्ष पाणी ५० लिटरच्या आसपासच असते. औषधाची किंवा रसायनाची मात्रा काढताना हा फरक नेहमी ध्यानात ठेवावा.

पहिली पायरी: ओळख

नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर आणि काचेवर तपकिरी, धुळीसारखी पूड बसते. बोटाने पुसली की ती ढगासारखी उडते. हे डायटम. त्यांना कवच बनवायला सिलिकेट (पाण्यात विरघळलेली सिलिका) लागते. ते संपले की बहुधा ते आपोआप ओसरतात. मात्र जुन्या टाकीत ते पुन्हा उगवले, तर तुमच्या शुद्ध पाण्यातून सिलिकेट येत असल्याचा संशय घ्यावा.

लालसर-जांभळी, क्वचित काळपट हिरवी, बुळबुळीत चादर कोपऱ्यातून उचलली की सलग सालीसारखी निघत असेल, तर ते सायनोबॅक्टेरिया. नावाप्रमाणे हे जीवाणू आहेत. सवयीने आपण त्यांना शेवाळात मोजतो.

हिरवे केसाळ शेवाळ ओळखायला सोपे असते: सुटे, मऊ धागे, प्रवाहाबरोबर डोलणारे. मात्र एक धागा काढून पांढऱ्या बशीत थोड्या पाण्यात पसरून भिंगाखाली पाहावा. मधोमध कणा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पिसासारखे बारीक फाटे दिसले, तर ते ब्रायोप्सिस आहे. ते जास्त चिवट असते आणि पोषकद्रव्ये कमी असली तरी तग धरते. खडकाच्या खाचांत चकचकीत हिरवे मणी दिसले, तर ते बुडबुडे शेवाळ, म्हणजे व्हॅलोनिया.

राहिले डायनोफ्लॅजेलेट. शेंबडासारखे तपकिरी धागे, त्यांच्या टोकांना अडकलेले हवेचे बुडबुडे, दुपारपर्यंत वाढत जाणारा पसारा आणि रात्री दिवे मालवल्यावर जवळजवळ स्वच्छ दिसणारी वाळू, ही त्यांची खूण. गोगलगायी सुस्तावत किंवा मरत असतील तर संशय आणखी बळावतो, कारण त्यांच्यातल्या काही जाती विषारी असतात. खात्री करण्यासाठी हातमोजे घालून चिकट थराचा थोडा भाग टाकीच्याच पाण्यात, झाकणाच्या लहान बाटलीत घ्यावा आणि धागे पूर्ण मोडेपर्यंत जोरात हलवावा. ते पाणी जाड टिश्यू पेपरमधून गाळून पारदर्शक पेल्यात उजेडात ठेवावे. तासाभरात त्या गाळलेल्या पाण्यात पुन्हा धागे आणि गुठळ्या जमू लागल्या, तर ते बहुधा डायनोफ्लॅजेलेटच. साधा मायक्रोस्कोप मिळाला तर ४०० पट मोठे करून पाहावे. पाण्याच्या थेंबासारख्या आकाराच्या, एका टोकाशी बांधल्यागत जागच्या जागी गरगरणाऱ्या पेशी ऑस्ट्रिऑप्सिसच्या असतात, तर लंबगोल, संथपणे सरकत जाणाऱ्या पेशी अॅम्फिडिनियमच्या असतात. हा फरक पुढे उपाय निवडताना कामी येतो.

दुसरी पायरी: मोजणी

नायट्रेट आणि फॉस्फेट मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम, हा लहान प्रवाळ टाकीसाठी वाजवी पल्ला आहे. ज्या फॉस्फेट किटच्या रंगपट्टीवर शून्यानंतरची पहिली पायरीच ०.२५ पीपीएम आहे, ती किट या कामासाठी निरुपयोगी समजावी. कमी पल्ल्याची किट किंवा डिजिटल कलरिमीटर (रंगाची गडदता मोजून आकडा दाखवणारे यंत्र) घ्यावा. काही कलरिमीटर फॉस्फरसचा आकडा पीपीबीमध्ये (पीपीएमच्या हजाराव्या भागात) दाखवतात. त्याला ३.०६६ ने गुणून १,००० ने भागले की फॉस्फेटचे पीपीएम मिळतात, म्हणजे २० पीपीबी फॉस्फरस म्हणजे सुमारे ०.०६ पीपीएम फॉस्फेट. किटवरची मुदतीची तारीखही पाहावी.

टाकी केसाळ शेवाळाने भरलेली असताना चाचणी शून्य दाखवू शकते. त्याचा अर्थ पोषकद्रव्ये नाहीत असा होत नाही. पाण्यात आलेले नायट्रेट आणि फॉस्फेट शेवाळच लगोलग शोषून घेत असते. अशा वेळी शून्याचा आकडा आणि समोर दिसणारी भरघोस वाढ यांचा एकत्र विचार करावा आणि शेवाळ हाताने काढल्यावर काही दिवसांनी पुन्हा मोजावे. याउलट शेवाळ फारसे नाही, आकडे मात्र शून्यावर आहेत, अशी स्थिती टाकी स्वच्छ असल्याची खूण मानून समाधान मानू नये, कारण डायनोफ्लॅजेलेटना नेमकी हीच मोकळी जागा मिळते.

त्याच बैठकीत खारेपणा, तापमान आणि अल्कलिनिटीही (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) मोजून वहीत लिहावी. खारेपणा ३५ पीपीटीच्या (दर हजार भागांत ३५ भाग क्षार) आसपास, तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस आणि अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (तिचे एकक) असावी; हा पाया डळमळीत असेल तर प्रवाळ अशक्त होतो आणि अशक्त प्रवाळावर शेवाळ आधी चढते.

तिसरी पायरी: टाकीत जाणारे पाणी

मीठ कालवायला आणि बाष्पीभवनाची तूट भरायलाही आरओ (सूक्ष्म पडद्यातून गाळणे) आणि डीआय (उरलेले क्षार रेझिनने काढणे) अशा दोन्ही टप्प्यांतून काढलेले पाणीच वापरावे. तूट भरताना खारे पाणी ओतू नये. वाफ होऊन फक्त पाणी जाते, मीठ टाकीतच राहते. डीआय रेझिननंतरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) ० असावा. पण टीडीएस मीटरवर आंधळा विश्वास ठेवू नये. रेझिन संपत आले की सिलिका सर्वांत आधी निसटते, आणि तिचा विद्युतभार इतका क्षीण असतो की मीटरवर ० दिसत असतानाही ती पाण्यात येत राहते. म्हणून जुन्या टाकीत डायटम परतले, तर मीटर काहीही सांगो, रेझिन आधी बदलावे.

चौथी पायरी: हाताने काढणे

माझ्या मते लहान टाकीचा खरा फायदा इथे आहे. पूर्ण खडक हातात मावतो, प्रत्येक कोपरा पोहोचण्यासारखा असतो आणि एका दुपारी जितके शेवाळ उपटून बाहेर काढता येते, तितके काम कोणतेही रसायन महिन्याभरातही सुरक्षितपणे करणार नाही. शिवाय उपटलेल्या प्रत्येक मुठीबरोबर त्याने शोषलेले नायट्रेट आणि फॉस्फेटही कायमचे टाकीबाहेर जाते. शेवाळ आतल्या आत मारले तर तेच कुजून पाण्यात परत येते आणि कुजताना प्राणवायूही खाते.

सुरुवात सुरक्षेपासून करावी. खडकावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ जातीचे बटनासारखे प्रवाळ असतील, तर त्यांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असू शकते. हातमोजे आणि चष्मा घालूनच घासावे, हाताला जखम असेल तर काम पुढे ढकलावे, आणि खडक निर्जंतुक करण्यासाठी कधीही उकळू नये. उकळताना निघणाऱ्या वाफेतून विषबाधा होऊन माणसे रुग्णालयात दाखल झाल्याची उदाहरणे आहेत.

कामाची पद्धत अशी ठेवावी. पंप बंद करावेत. साधारण बोटाएवढ्या जाडीच्या पारदर्शक नळीच्या तोंडाशी नवा टूथब्रश रबरबँडने असा बांधावा की ब्रशचे केस नळीच्या तोंडापुढे जरासे येतील. नळीने सायफन सुरू करून ब्रशने घासत गेले, की सुटलेले धागे पाण्यात पसरण्याआधीच नळीत खेचले जातात. नळीचे दुसरे टोक स्वच्छ बादलीत ठेवलेल्या बारीक जाळीच्या फिल्टर पिशवीत सोडावे. धागे पिशवीत अडकतात आणि खाली उतरलेले पाणी परत टाकीत घालता येते. नाहीतर ६० लिटरच्या टाकीत अर्ध्या तासाच्या साफसफाईत निम्मे पाणी निघून जाते. सायनोबॅक्टेरिया आणि डायनोफ्लॅजेलेटच्या बाबतीत मात्र हे पाणी परत घालू नये. बारीक पेशी पिशवीतून सहज निसटतात.

केसाळ शेवाळ दाट असेल आणि खडक सुटा असेल, तर तो टाकीच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात बाहेर काढावा, चिमटीने मुळाशी धरून गुच्छ उपटावेत, उरलेले घासावे आणि दुसऱ्या भांड्यातल्या खाऱ्या पाण्यात खळबळून मगच परत ठेवावा. ज्या भागावर प्रवाळ नाही तिथे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावून एक-दोन मिनिटे ठेवता येते; नंतर खाऱ्या पाण्याने नीट धुवावे. खडकात लपलेल्या कोळंबीसारख्या जीवांना पेरॉक्साइड सोसत नाही, म्हणून खाचा आधी तपासाव्यात. व्हॅलोनियाचा मणी फोडू नये. नळीचे तोंड अगदी जवळ धरून तो बुडाशी पातळ पात्याने सोडवावा. एकाच दिवशी सगळे खडक काढू नयेत. दर आठवड्याला एक बाजू घ्यावी, म्हणजे टाकीतल्या उपयोगी जीवाणूंना धक्का बसत नाही.

पाचवी पायरी: आत येणारे कमी, बाहेर जाणारे जास्त

खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. गोठवलेले खाद्य थेट टाकू नये. कपभर पाण्यात वितळवून बारीक गाळणीने गाळून घ्यावे आणि ते पाणी फेकून द्यावे. मासे मात्र उपाशी ठेवू नयेत. खाद्याचा प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि ज्या टाकीत माशांची संख्याच मुळात जास्त आहे तिथे प्रमाण कितीही आवळले तरी सुटका होत नाही. तिथे एखादा मासा दुसऱ्या टाकीत द्यावा लागतो.

फिल्टरचा कापूस दर दोन-तीन दिवसांनी बदलावा किंवा धुवावा. अडकलेला कचरा आठवडाभर तिथेच राहिला, तर तो गाळला न गेल्यातच जमा आहे, कारण पाणी त्याच्यातूनच फिरत राहते. दर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदलावे. नव्या पाण्याचे तापमान आणि खारेपणा टाकीशी जुळवून घ्यावा, आणि पाणी काढताना नळी वाळूच्या वरच्या थरावरून आणि खडकांमागच्या गाळावरून फिरवावी. पाणीबदलाकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नये: नायट्रेट २५ पीपीएम असेल तर २० टक्के बदलाने ते २० वर येते, तेही नव्या पाण्यात नायट्रेट शून्य असेल तर. फॉस्फेट तर आणखी हट्टी, कारण कॅल्शियम कार्बोनेटचा खडक ते धरून ठेवतो आणि पाण्यातले प्रमाण उतरले की हळूहळू सोडत राहतो. आकडा दोन दिवसांत परत चढला, तर किटला दोष देण्याआधी खडकाचा विचार करावा.

फॉस्फेट सतत ०.१ च्या वर राहत असेल तरच फॉस्फेट शोषणारे लोह ऑक्साइडचे दाणे वापरावेत. दाणे शुद्ध पाण्यात धुवून त्यांची तांबडी धूळ काढावी, वेष्टनावर दिलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करावी आणि दोन-तीन दिवसांनी मोजून मगच वाढवावे. फॉस्फेट एकदम खाली ओढले तर प्रवाळ फिकट पडतो, त्याच्या कडा झडतात. जागा असेल तर मागच्या कप्प्यात छोट्या दिव्याखाली कीटोमॉर्फाचा गुंता वाढवणे मला यापेक्षा अधिक पसंत आहे. तेही शेवाळच, पण आपल्या ताब्यातले, आणि वाढले की मूठभर काढून टाकता येते. त्याचा दिवा रात्री चालू ठेवला, तर रात्रीची पीएचची घसरणही कमी होते.

उजेड आणि प्रवाह यांविषयी थोडक्यात. शेवाळ आटोक्यात येईपर्यंत दिवे ६ ते ७ तास ठेवावेत, पांढऱ्या आणि लाल दिव्यांचा जोर कमी करून निळा तसाच ठेवावा, आणि खिडकीतून थेट ऊन टाकीवर पडत असेल तर पडदा लावावा. पंपाची दिशा अशी असावी की खडकांमागे गाळ साचणार नाही. तासाला टाकीच्या २० ते ४० पट पाणी फिरेल इतका प्रवाह बहुतेक प्रवाळांना चालतो. सायनोबॅक्टेरिया पुन्हा पुन्हा एकाच कोपऱ्यात येत असतील, तर तो कोपरा प्रवाहाबाहेर असतो, असेच बहुधा आढळते.

शेवाळ खाणारे जीव

यांना आणण्याची वेळ हाताने सफाई केल्यानंतरची. लांब धाग्यांचे जंगल गोगलगायी खात नाहीत. घासून खुजे झालेले शेवाळ मात्र त्या परत वाढू देत नाहीत. लहान टाकीसाठी ट्रोकस गोगलगाय मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण ती उलटी पडली तरी स्वतः सरळ होते. अॅस्ट्रियाला ते सहसा जमत नाही आणि ती वाळूवर उलटी पडून मरते. टर्बो खादाड असते, पण सुटे प्रवाळ पाडते. वाळूसाठी सेरिथ चांगली. नॅसेरियस शेवाळ खातच नाही, ती उरलेसुरले मांस खाते. शेवाळावर उपाय म्हणून ती घेऊ नये. व्हॅलोनियासाठी एमराल्ड खेकडा उपयोगी पडतो, पण प्रत्येक खेकडा ते खाईलच असे नाही. टँग जातीचे मासे शेवाळ उत्तम खातात, तरीही १०० लिटरच्या टाकीत त्यांना कोंडणे योग्य नाही. त्यांना पोहायला लांबच लांब जागा लागते.

डायनोफ्लॅजेलेट असतील तर

वरचा बराचसा क्रम इथे उलटा करावा लागतो. फॉस्फेटचे दाणे काढून टाकावेत, काही काळ पाणीबदल थांबवावा आणि नायट्रेट ५ ते १० व फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमपर्यंत हळूहळू चढवून तिथे टिकवावे. त्यासाठी मत्स्यालयासाठीच तयार केलेली नायट्रेट आणि फॉस्फेटची द्रावणे रोज मोजून थोडी थोडी घालावीत. यामुळे इतर सूक्ष्मजीव आणि साधे शेवाळ वाढून डायनोफ्लॅजेलेटची जागा घेते. म्हणूनच या काळात थोडे हिरवे शेवाळ दिसू लागले तर ते चांगले लक्षण मानावे आणि घाईने काढू नये. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतो, त्यामुळे यूव्ही दिवा त्याच्यावर चांगला चालतो. अॅम्फिडिनियम वाळूतच राहतो, तिथे यूव्ही फारसा उपयोगी पडत नाही. सिलिकेट घालून डायटम मुद्दाम वाढवणे हा त्यावरचा मार्ग आहे. विषे शोषण्यासाठी सक्रिय कोळसा ठेवावा आणि तो वेळोवेळी बदलावा.

औषधे सर्वांत शेवटी

ब्रायोप्सिस हाताने काढूनही परतत असेल, तर फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध त्याच्यावर आणि बऱ्याचदा केसाळ शेवाळावरही परिणाम करते. प्रचलित मात्रा प्रत्यक्ष पाण्याच्या दर लिटरला सुमारे ५ मिलिग्रॅम, आणि काळ दोन ते तीन आठवडे. तोपर्यंत कोळसा आणि फॉस्फेटचे दाणे काढून ठेवावेत, आणि मरणारे शेवाळ रोज सायफनने काढत राहावे. सायनोबॅक्टेरियासाठी प्रतिजैविके वापरण्याचा सल्ला मी देणार नाही. ती टाकीतल्या उपयोगी जीवाणूंवरही आघात करू शकतात, आणि गाळ व प्रवाह तसाच राहिला तर चादर पुन्हा पसरते. त्यापेक्षा आधी सायफन करावे आणि मग तीन दिवस टाकी झाकून पूर्ण अंधार ठेवून पाहावा. या तीन दिवसांत हवेचा पंप चालू ठेवणे अत्यावश्यक आहे.

कोणताही बदल केल्यावर निदान दोन आठवडे थांबावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नाहीतर गुण कशाने आला हेही कळत नाही आणि बिघाड कशाने झाला हेही कळत नाही. केसाळ शेवाळाचा बंदोबस्त व्हायला दोन-तीन महिने लागणे स्वाभाविक आहे. आठवड्याच्या नोंदींत नायट्रेट-फॉस्फेट स्थिर दिसू लागले आणि घासलेले खडक मोकळे राहू लागले, की दाण्यांची मात्रा टप्प्याने घटवावी आणि दिव्यांचा वेळ आठवड्याला अर्ध्या तासाने वाढवत ८ ते ९ तासांवर आणावा. या टप्प्यावर गोगलगायींना खायला उरत नाही आणि त्या एकेक करून मरू लागतात. मेलेली गोगलगाय लहान टाकीत लगेच अमोनिया वाढवते. म्हणून त्यांची संख्या कमी करावी, आणि ठेवलेल्यांसाठी वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा नखाएवढा तुकडा आठवड्यातून दोनदा काचेला चिमट्याने लावून, रात्रभरात न संपलेला भाग सकाळी काढून घ्यावा.